दुसरा बार न्यायाचा

सर्व संबंधितांना, आणि काडीचा संबंध नसताना जे मध्ये बोलतात त्या सर्वांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सोमवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, आमच्या मंडळाच्या क्रीडादिनी, चाळिशी ओलांडलेल्यांच्या साठ मीटर शर्यतीत एक बार उडाला नाही. त्या न उडालेल्या बारामुळे एक चषक चुकीच्या घरी गेला, एका सरळ माणसाच्या हातावर आळ आला, आणि माझ्यासारख्या निरुपद्रवी बाईला आयुष्यात पहिल्यांदा मंडळाची घटना मागवून तिची कलमं वाचावी लागली. 'निरुपद्रवी' हे माझं मत आहे. माझ्या नवऱ्याचं वेगळं आहे, पण हा लेख तो लिहीत नाहीये.

ज्यांच्या हातून तो बार उडायला हवा होता ते आमचे काका. सख्खे म्हणाल तर ते एका मुलीचे वडील. बाकी लंडनच्या कडेला असलेल्या आमच्या पिनरमधल्या आणि आसपासच्या तमाम मराठी घरांचे सरसकट काका. वय अठ्ठ्याहत्तर. उंच, काटकुळे, आणि भुवया अशा की पावसात त्यांच्याखाली आडोशाला उभं राहावं. उमेदीची तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ब्रिस्टलला विमानाची इंजिनं तपासण्यात घालवली. इंजिन बनवणं हे त्यांचं काम नव्हतं. बनलेलं इंजिन कशाने बंद पडेल ते शोधणं, हे त्यांचं काम. चालू इंजिनात पाणी ओतायचं, गारा फेकायच्या, पक्षी धडकला तर काय होईल म्हणून मेलेल्या कोंबड्या आत मारायच्या, आणि जे होईल ते वहीत लिहायचं. जन्मात अंडं न खाल्लेल्या या माणसाने अशा किती कोंबड्या इंजिनात घातल्या असतील, हे मी एकदा आमच्याकडे जेवताना विचारलं.

"पंगतीत नको," काका म्हणाले. मग वरणभात कालवता कालवता हळूच पुटपुटले, "एक सांगतो. इंजिन एकदाही बंद पडलं नाही."

आमची पहिली भेट आमच्याच दारात झाली. मी दार उघडलं तर हे गृहस्थ आत यायच्याऐवजी मान तिरकी करून उभे.

"तुझ्या कुकरची शिट्टी फुसकी आहे," ते म्हणाले. अजून नाव विचारलं नव्हतं, पण 'तू' सुरू झालं होतं. "रबर बदल. पण एका वेळी एकच गोष्ट बदल हं. रबर आणि शिट्टी दोन्ही बदललंस तर बिघाड कशात होता ते कधीच कळायचं नाही."

मी दोन्ही बदललं. कुकर झकास चालला. काकांनी ही गोष्ट सहा महिने मनात ठेवली आणि माझ्या वाढदिवसाला, केक कापताना, चारचौघांत सांगितली.

निवृत्तीनंतर मुलीच्या जवळ म्हणून ते पिनरला आले आणि इथल्या अ‍ॅथलेटिक्स क्लबात स्टार्टर झाले. स्टार्टर म्हणजे शर्यत सुरू करून देणारा. त्याची रीतसर परीक्षा असते, आणि स्टार्टरने लांबून दिसावं म्हणून लाल कोट घालायचा असतो. काकांचा कोट चॅरिटी शॉपमधला. तो पूर्वी कुठल्यातरी हॉटेलच्या दारवानाचा होता. काकांनी त्याची सोनेरी बटणं काढून काळी लावली. "नाहीतर लोक मला बॅगा उचलायला सांगतील," म्हणाले.

मंडळाकडे शर्यतीसाठी एक रिव्हॉल्व्हर आहे. दिसायला निव्वळ खेळणं. इथल्या नियमाप्रमाणे भडक नारिंगी रंगवलेलं, नळी पुढून बुजवलेली. त्यातून गोळी सुटत नाही, फक्त बार होतो: आवाज आणि धूर. बाराची सहा काडतुसं त्यात बसतात. काकांच्या मते त्यातली महत्त्वाची दोनच.

"पहिला बार शर्यतीचा," ते म्हणत, "दुसरा न्यायाचा."

म्हणजे असं की, कुणी बाराच्या आधीच पाय उचलला तर स्टार्टरने तत्क्षणी दुसरा बार उडवायचा. तो ऐकला की सगळ्यांनी थांबायचं, मागे यायचं, पुन्हा पहिल्यापासून. "पहिला बार उडाला नाही तर फार तर उशीर होतो. दुसरा उडाला नाही तर अन्याय होतो. सबंध शर्यतीत सगळे सारखे असतात असा एकच क्षण असतो, आणि तो माझ्या हातात असतो. त्यापुढे ज्याचे पाय त्याला लखलाभ."

मंडळाच्या मैदानावर ते आज्ञा मराठीत देत. "जागेवर." मग "तयार." आणि मग बार. पण 'तयार' आणि बार यांच्यामधलं थांबणं कधीही सारखं नसे. मनातल्या मनात एक-दोन-तीन मोजून उडी घेणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "मला धावणारा हवा," ते म्हणत, "अंदाजपंचे दाहोदरसे करणारा नको."

काडतुसांचा नवा डबा आला की काका त्यातले बारा बार आधी उडवून पाहत. वहीत तीनच शेरे: ठो, फुस्स, ठक. ठो म्हणजे चांगला बार. फुस्स म्हणजे आवाज झाला पण जीव नाही. ठक म्हणजे मागचा घोडा काडतुसाच्या बुडावर पडला आणि पुढे काहीच नाही. डब्यात दोन फुस्स निघाले की सबंध डबा परत. एकदा दुकानदाराने वैतागून लिहिलं की नुसता आवाज तर करायचा आहे, एवढं काय त्यात. काकांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: "आवाज हाच तुमचा माल आहे."

उडवलेली काडतुसं ते टाकत नसत. अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक, खाली तारखेची चिठ्ठी. अंडं न खाणाऱ्याच्या घरी अंड्यांचे चौदा ट्रे आहेत. आणि क्रीडादिन संपला की रिव्हॉल्व्हर उघडून, काजळी ब्रशने काढून, यंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब लावायचा. लगेच तोही पुसून टाकायचा. मी म्हटलं, "पुसायचंच होतं तर लावलंत कशाला?" त्यावर ते म्हणाले, "यंत्राला तेल दाखवायचं असतं. पाजायचं नसतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता पोलिसांचं प्रकरण. त्यात काकांची चूक किती, तर शून्य, हे मी आधीच सांगून टाकते. मंडळात मात्र ते आजही 'काकांनी केलेला तमाशा' म्हणूनच सांगतात, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होते. वही धरायला.

क्लबचं मैदान दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून काकांनी नवा डबा मुलीच्या घरामागच्या बागेत तपासायचं ठरवलं. पोलिसांना आठवडाभर आधी पत्र. पत्राची पोच फायलीत. आजूबाजूच्या सगळ्या घरांत चिठ्ठ्या: शनिवारी सकाळी अकरा ते सव्वाअकरा, बारा बार, घाबरू नये, गैरसोयीबद्दल क्षमस्व. एवढं कोण करतं? आमच्या मागच्या गल्लीत परवा एकाने कौन्सिलला न विचारता अख्खा मजला चढवला! पण एका घरातली माणसं स्पेनला गेली होती आणि त्यांचा कुत्रा सांभाळायला आलेल्या मुलीने चिठ्ठी न वाचता केराच्या डब्यात टाकली होती. नववा बार झाला आणि तिने फोन करून बोलावलेले चार हत्यारबंद पोलीस बाजूच्या फाटकातून आत आले.

काका पूर्ण पोशाखात: लाल कोट, कानांवर मफ्स. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. मी मात्र वही आणि पेन्सिल दोन्ही डोक्याच्या वर धरली होती.

"सर! पुट इट डाऊन!"

काकांनी मफ्स काढले. "इट इज डाऊन, ऑफिसर," ते शांतपणे म्हणाले. "ऑन द टी-टॉवेल."

खरंच होतं. प्रत्येक बारानंतर ते रिव्हॉल्व्हर टी-टॉवेलवर ठेवत असत. मग फाईल निघाली, पत्र निघालं, पोच निघाली. पोलिसांचे खांदे खाली आले. त्यांच्यातला सगळ्यात तरुण जो होता तो हसूही लागला. आणि तेवढ्यात काका म्हणाले, "तीन राहिलेत. आता आलाच आहात तर साक्षीदार म्हणून सही करून जा."

ती वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. दहा, ठो. अकरा, ठो. बारा, ठो. खाली पोलिसाची सही.

यावर मंडळाने काय करायला हवं होतं? अशा माणसाचा सत्कार! मंडळाने काय केलं? तातडीची बैठक.

आमचे अध्यक्ष फायनान्समधले. पन्नाशीचे, गुळगुळीत, दात फार. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण मंडळात त्यांना कुणीच नावाने हाक मारत नाही. ते त्यांना आवडत नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार मोकळ्या बाई. मनात आलेलं तोंडात यायला त्यांना क्षणही लागत नाही, म्हणून अध्यक्ष त्यांना बैठकीत मागच्या रांगेत बसवतात.

"काका, वी ऑल रिस्पेक्ट यू," अध्यक्ष म्हणाले, "पण लेट्स बी प्रॅक्टिकल. आर्म्ड पोलीस येतात म्हणजे काय! मंडळाचं नाव आहे. यापुढे रिव्हॉल्व्हर माझ्या घरी लॉकमध्ये राहील."

"राहू द्या," काका म्हणाले. "पण महिन्यातून एकदा मला तपासायला मिळायला हवं."

"नोटेड," अध्यक्ष म्हणाले.

ही गोष्ट सप्टेंबरातली. ऑक्टोबरात काकांनी विचारलं: नोटेड. नोव्हेंबरात: नोटेड. जानेवारीत काका लाल कोट न घालता, मफलर गुंडाळून, स्वतः अध्यक्षांच्या दारात गेले. अध्यक्ष कॉलवर होते. वहिनींनी चहा दिला, चिवडा दिला, आणि "अहो, कपाटाची किल्ली यांच्याकडेच असते हो," म्हणाल्या. काका चिवडा खाऊन परत आले. ज्या माणसाच्या हाताखालून विमानं उडाली, त्याला एका नारिंगी खेळण्यासाठी दारात ताटकळत ठेवायचं! मी तेव्हाच भडकले होते. काका म्हणाले, "भडकून बिघाड सापडत नाही."

अध्यक्षांबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांना सणांचा भारी सोस. नागपंचमीपासून होळीपर्यंत काहीही सोडत नाहीत, आणि प्रत्येकाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर. खंडेनवमीला त्यांच्या घरी पाटावर लॅपटॉप, ड्रिल, बार्बेक्यूचे चिमटे आणि गवत कापायचं यंत्र मांडलेलं असतं, सगळ्यांवर हळदकुंकू, कडेने झेंडूची फुलं. त्या ऑक्टोबरातही असा फोटो आला. मीही खाली दोन हात जोडून पाठवले. शिष्टाचार म्हणून.

मग आला तो सोमवार. बँक हॉलिडे म्हटल्यावर इथे जसं असतं तसंच होतं: बोचरा वारा, शाईसारखे ढग, आणि लेझीम खेळणाऱ्या बायकांच्या नऊवारीखाली थर्मल. नऊ वाजता अध्यक्ष आले. रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर, सीटचा हीटर चालू. अध्यक्षांना बसायला उबदार लागतं. त्यांच्या गाडीत सामानालाही तीच सोय.

"बारा बार उडवून बघतो," काका म्हणाले.

"एक," अध्यक्ष म्हणाले. "नॉइज पॉलिसी आहे ग्राउंडची."

काकांनी अंगठ्याने घोडा पूर्ण मागे ओढला, हात वर केला, चाप दाबला. ठो. धुराचा छान गोळा. पण काकांची एक भुवई वर गेली.

"घोडा अडखळत पडतोय," ते मला म्हणाले. "उघडून बघायला हवं."

"काका, शेड्यूल," अध्यक्ष घड्याळावर बोट वाजवत म्हणाले.

दिवसभर सगळं सुरळीत पार पडलं, कारण दुसऱ्या बाराची गरजच पडली नाही. एकाही मुलाने वेळेआधी पाय उचलला नाही. त्यासाठी चाळिशी ओलांडावी लागते.

आमच्या शर्यतीत पाच जण होतो. बायका-पुरुष एकत्रच, कारण वेगळी करायला माणसंच नाहीत. माझ्या उजव्या हाताला अध्यक्ष, नव्या कोऱ्या स्पाइक्समध्ये, म्हणजे खिळ्यांच्या बुटांत. 'जागेवर' म्हटल्यापासून त्यांचे ओठ हलत होते. मी शेजारी होते, मला स्पष्ट दिसलं: ते मोजत होते.

"तयार," काका म्हणाले.

आणि अध्यक्ष सुटले. बार व्हायच्या आधी! निदान एक हातभर पुढे! बार त्यांच्या पाठीमागून झाला. काकांनी त्याच क्षणी, घोडा वगैरे ओढत न बसता, नुसता चाप खेचला. दुसरा बार. न्यायाचा.

ठक.

पुन्हा खेचला. ठक.

"परत! परत या!" काका ओरडले. पण तिकडे लेझीमवाल्यांना वाटलं शर्यत रंगलीय, त्यांनी ताशा सुरू केला. मी त्या 'ठक'च्या जवळ होते. मी ऐकलं आणि थांबले. साठ मीटरांतल्या चौथ्या मीटरवर, दोन्ही हात कमरेवर ठेवून. बाकीचे पळाले. अध्यक्ष पहिले आले आणि छाती पुढे काढून रिबन घेऊन गेले. माझा पाचवा नंबर. पाचांत.

मी तिथल्या तिथे हरकत घेतली. अध्यक्षांनी, स्वतःच्याच शर्यतीवर, स्वतःच निर्णय दिला.

"दुसरा बार झाला का? नाही. मग फॉल्स स्टार्ट कसा झाला?"

अशी अक्कल चालवायला लाज नाही वाटत? पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माझा चषक गेला, जाऊ दे. मी तशीही तिसरी आले असते. पण मग ते चहाच्या रांगेत उभं राहून, आवाज खाली आणून, दयाळूपणे म्हणाले, "काकांचा हात थरथरला हो. वयच आहे. चाप नीट दाबला गेला नाही." बटाटेवडे संपायच्या आत 'थरथरला' सगळ्या मैदानाला माहीत झालं होतं.

काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा मी बाजूलाच होते. रिव्हॉल्व्हरमधली काडतुसं काढून त्यांनी ट्रेच्या खळग्यांत ठेवली, न उडालेली दोन वेगळी, आणि रिव्हॉल्व्हर अध्यक्षांच्या हातात दिलं.

"हे असंच ठेवा. पुसू नका, उघडू नका."

"नोटेड," अध्यक्ष म्हणाले.

तीन आठवड्यांनी वार्षिक सभेची विषयपत्रिका आली. विषय सातवा: ज्येष्ठ सभासद काकांचा निवृत्तीनिमित्त शाल व श्रीफळ देऊन सत्कार, आणि पुढील वर्षापासून शर्यतीसाठी फोनवरचं बीप वाजवणारं अ‍ॅप. काकांनी निवृत्ती मागितली होती का? नाही! हातात नारळ देणं म्हणजे काय, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मी तडक काकांकडे गेले. घटनेची प्रत घेऊनच.

काका स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. समोर अंड्यांचे ट्रे. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा काठोकाठ भरला, आणि कपबशी पसरलेल्या हाताच्या तळव्यावर ठेवून हात लांब केला. मी घड्याळ पाहत होते. दोन मिनिटं. बशीत थेंब नाही.

"बारावर संशय घ्या," ते म्हणाले, "यंत्रावर घ्या. मी पहिला घेईन. पण न तपासता हातावर?" त्यांचा आवाज मात्र थरथरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी दाखवलं. त्याच डब्यातले बारा बार त्यांनी क्लबच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले होते: बाराही ठो. न उडालेल्या दोनांपैकी एक तिथेच उडवला: ठो. म्हणजे काडतुसं निर्दोष. दुसरा पुराव्यासाठी ठेवला होता. मी भिंगातून त्याचं बूड पाहिलं. घोडा जिथे आपटतो तिथे खूण होती, पण नखाने ओरखडावं एवढीशी. बाकीच्यांवर चांगले खोल खळगे.

"घोडा हलका पडला," काका म्हणाले. "मी घाईत नुसता चाप ओढला. तसं केलं की घोडा पूर्ण मागे जात नाही, मार थोडा कमी बसतो. तेवढा चालतो, आजवर चाललाय. पण आत काहीतरी अडवत असेल तर नाही चालायचा. आणि यात हाताचा काय संबंध? एकदा घोडा सुटला की तो आपल्या स्प्रिंगने पडतो. माझा हात थरथरो नाहीतर नाचो."

सभा पिनरच्या नेहमीच्या हॉलमध्ये. सहा विषय बिनविरोध पार पडले. सातव्याला वहिनी शालीचं तबक घेऊन पुढे येऊन उभ्या राहिल्या. मध्ये नारळ, त्याला पिवळी रिबन. अध्यक्षांनी काकांच्या थोर सेवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

"सत्कार घेतो," काका उठून म्हणाले. लाल कोट घातला होता. "पण पाच मिनिटं द्या. आणि रिव्हॉल्व्हर द्या."

"काका, तो विषय क्लोज झालाय."

मी उठले. "कलम चौदा. सत्कारमूर्तीला मनोगताचा अधिकार आहे."

कलम चौदात तसं काही नाही. पण घटना मागवून वाचणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच होते, अध्यक्षांसकट.

रिव्हॉल्व्हर आलं. काकांनी टेबलावर टी-टॉवेल पसरला, काडतुसांची घरं रिकामी असल्याचं चौघांना दाखवलं, आणि लहान स्क्रू ड्रायव्हरने बाजूची पट्टी काढली. चाळीस माणसं खुर्च्या सरकवत पुढे आली. काकांनी दातकोरणी आत घातली, घोड्याच्या मुळाशी फिरवली आणि बाहेर काढली. टोकावर पांढरट, मेणासारखा गोळा होता. त्यात पिवळट कण, आणि एक बारीकसा लाल ठिपका.

"सप्टेंबरात मी दिलं तेव्हा हे नव्हतं," काका म्हणाले.

त्यांनी तो गोळा चमच्यात ठेवला आणि चमचा वाफाळत्या चहाच्या कपावर धरला. गोळा कडेने सैल झाला, पारदर्शक झाला, चमच्यात पाण्यासारखा पसरला. आणि हॉलमध्ये वास सुटला.

तो वास कुणालाही सांगावा लागला नाही. शाळेत जाण्याआधी आईने डोक्यावर थापलेला, वेणीतून पाठीवर उतरलेला, चाळीस डोक्यांचा ओळखीचा वास.

"गाडीच्या उबेत हे तेल असतं," काका म्हणाले. "मैदानावरच्या गारठ्यात मेण होतं. इथे खोबरेलाची बाटली कुठे ठेवता तुम्ही?"

"रेडिएटरवर," पाच-सहा बायका एकदम म्हणाल्या. मीही.

आणि मला खंडेनवमीचा तो फोटो आठवला. पाटाच्या कोपऱ्यातला, बार्बेक्यूच्या चिमट्यांशेजारचा, तो मोठा नारिंगी झेंडू. तो झेंडू नव्हता.

मी तोंड उघडणार होते. पण अध्यक्षांनी मला वेळच दिला नाही. ते उभे राहिले, हसले, सगळे दात दाखवले.

"काका, विथ ड्यू रिस्पेक्ट, हे काही प्रूफ नाही. आता मला सांगा, बंदुकीला खोबरेल तेल लावण्याइतका बावळट माणूस आपल्या मंडळात कोण आहे?"

तबकातला नारळ गडगडला. आणि वहिनी, हातातलं तबक सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाल्या:

"अहो, मी तेव्हाच म्हटलं होतं ना, नुसतं फूल वाहा, तेल कशाला पाजताय त्याला!"